घाटे मॅडमची बारीक झालेली झाडं

बदलीवर यवतमाळला रुजू झालो त्या पहिल्या दिवशी मी घाटे मॅडमना म्हणालो, "मी इथलाच आहे. शाळा-कॉलेज सगळं यवतमाळातच झालं."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कशावरून?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. उत्तराची वाट पाहत बसल्या. शेवटी मी मोहल्ला सांगितला, शाळा सांगितली, मामाचं घर कुठल्या बोळात आहे तेही सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. संध्याकाळी मामाचा फोन आला. घाटे आडनावाच्या कुणी बाई तुझी चौकशी करत होत्या, काही भानगड केलीस का, असं तो विचारत होता.

आमचं कार्यालय लोहाऱ्याच्या रस्त्याला होतं. काम सागवानाच्या वाढीचा अभ्यास करण्याचं. सुनंदा घाटे तिथल्या संशोधन अधिकारी, मी त्यांचा सहायक. मी मुख्यतः संगणकावर आकडे भरायचो आणि मॅडमची बोलणी खायचो. बाई ठेंगण्या होत्या, साडीवर भावाचा जुना फुल शर्ट घालायच्या आणि पायात कॅनव्हासचे बूट. भर हिवाळ्यातही छत्री सोबत असे, कारण ढगांचं काही सांगता येत नाही. पाणी घरचं, चहा घरचा, थर्मासमध्ये. चौकातल्या टपरीवाल्यानं एकदा आपणहून चहा पाठवला तर त्यात त्याचा काय मतलब असेल याचा विचार करण्यात त्यांनी अर्धी सकाळ घालवली. चहा गार झाला, मग मीच तो प्यालो.

त्यांच्या वहिनींनी मला एक किस्सा सांगितला होता. मॅडम तरुण असताना त्यांना एक स्थळ आलं. मुलाकडची माणसं कौतुकानं सांगत होती, आमच्या मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. खाली मान घालून बसलेली मुलगी म्हणाली, "कशावरून?" बैठक तिथंच संपली. वहिनी हे पोट धरून हसत सांगायच्या. मॅडमना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. "मी नीटच विचारलं होतं," त्या म्हणायच्या. "त्यांनी उत्तर दिलं असतं तर मी पुढचं ऐकलं असतं."

अशा बाईच्या वाट्याला नेमकं हे काम यावं याची मला गंमत वाटायची. आमचे प्लॉट बोरी अरबच्या पुढे, एका बंजारा तांड्याला लागून होते. सागाची जुनी लागवड. तिचे शेजारी शेजारी तुकडे पाडलेले. एका तुकड्याला कधी हात लावायचा नाही, झाडं दाटीवाटीनं वाढू द्यायची. दुसऱ्यात दर काही वर्षांनी विरळणी करायची, म्हणजे मधली अशक्त, वाकडी झाडं काढून राहिलेल्यांना मोकळी जागा द्यायची. मग प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा आणि कुठली झाडं किती जाड झाली ते पाहायचं. मोजायची जागा चुकू नये म्हणून खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा असतो. किती जागा दिली की साग उत्तम वाढतो, हा प्रश्न. त्याचं उत्तर यायला माणसाची पूर्ण नोकरी पुरत नाही. आधीच्यांनी मोजलेलं खरं मानायचं आणि पुढचे नीट मोजतील अशी आशा धरायची, एवढंच हातात. मॅडमना यातलं काहीच जमत नसे. फार पूर्वी इथं मोजणी केलेल्या एका अधिकाऱ्यावर त्यांचा संशय होता. तो कधीच वारला असल्याचं कळलं तेव्हा त्या खरोखर हळहळल्या. "आता विचारताही येणार नाही," म्हणाल्या.

पण दुसऱ्यानं संशय घेतलेला त्यांना आवडायचा, हे मात्र सांगितलं पाहिजे. एका विरळणीच्या वेळी तांड्याच्या लोकांनी आमची जीप अडवली. तांड्याचा नायक पुढे आला, पांढरी मिशी, डोक्याला लाल पागोटं.

"आमी सरपनाले काडी नेली तं तुमी केस करता," तो म्हणाला, "अन् तुमीच सागवान पाडून राह्यले. संशोधन म्हणता. ट्रक कुठं जाते, आमाले काय माहीत?"

आता बाई भडकणार, या भीतीनं मी जीपमध्येच थोडा मागे सरकलो. मॅडमचा चेहरा उजळला. खाली उतरून त्या म्हणाल्या, "बरोबर विचारलं. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुम्हाला कारणच नाही. तुम्ही वाटेवर बसा. कुठलं झाड पडतं, कुठल्या गाडीत चढतं, सगळं डोळ्यानं पाहा."

नायक बसला. तोडणी संपेपर्यंत रोज वाटेवर बाज टाकून बसायचा. ती बाज आणून टाकायचा देविदास राठोड. तांड्यातलाच, आणि आमच्या प्लॉटवरचा वनमजूर. कितीतरी वर्षं रोजंदारीवर राखण करत होता. त्याला कायम करण्याची फाईल तेव्हा कुठे हलायला लागली होती. अंगानं काटक, बोलायला मोकळा. मोजणीच्या वेळी झाडामागून टेप वर-खाली होऊ नये म्हणून धरणारा लागतो, ते काम त्याचं. मॅडमच्या तोंडावर त्यांची थट्टा करायची हिंमत आख्ख्या कार्यालयात त्या एकट्यात होती.

"मॅडम," तो म्हणायचा, "तुमी तं सोताच्या सावलीले बी टेप लावसान."

"सावली सकाळी वेगळी असते, दुपारी वेगळी," मॅडम म्हणायच्या. "तिचा काय भरवसा?" आणि मग चक्क हसायच्या. त्यांना हसताना मी पाहिलं ते बहुतेक देविदासमुळेच.

पुढे एका वर्षी नागपूरहून मोठे साहेब येणार असं ठरलं. त्यांना विरळणीचा एक प्लॉट दाखवायचा होता. प्लॉट दाखवायचा म्हणजे नटवायचा. खोडांवरचे जुने पट्टे फिके पडले होते, झाडांचे नंबर पुसट झाले होते. देविदासनं तांड्यातले चार गडी घेऊन रंगाचं काम सुरू केलं. सागाची साल वरून पोपडे धरते, आणि सुट्या पोपड्यावर टेप बसली की झाड उगाच जाड दिसतं. त्यामुळे रंग द्यायच्या आधी पट्ट्याच्या जागी हलक्या हातानं खरवडून घ्यायची रीत आहे. मॅडमना गड्यांचा हलका हात पुरेसा वाटेना. त्या प्रत्येक झाडाशी जाऊन पट्ट्यावर नख लावायच्या. नखाखाली काही आलं की, "हे पुन्हा."

साहेब आले, झाडांबरोबर फोटो काढून गेले. त्यानंतर आम्ही मोजणी केली. आकडे संगणकावर भरताना माझं डोकं चालेना. शेजारचे प्लॉट नेहमीसारखे वाढले होते. साहेबांना दाखवलेल्या प्लॉटला जास्त मोकळी जागा दिलेली, तिथली झाडं सगळ्यात जाड व्हायला हवीत, पण त्यातलीच बरीच झाडं मागच्या मोजणीपेक्षा बारीक निघाली होती. झाड वाढतं, वाढायचं थांबतं, मरतं. बारीक होत नाही. माझाच काही गोंधळ झाला असेल म्हणून पुन्हा भरून पाहिलं. तेच आलं. मग मॅडमना बोलावलं.

पडद्यावरच्या आकड्यांवरून त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ही ती झाडं नाहीत."

त्यांचा हिशेब सरळ होता. प्लॉटची एक बाजू रस्त्याला लागून. कडेच्या ओळीला ऊन जास्त, म्हणून तिथली झाडं सगळ्यात जाड. ती ओळ कुणी तोडून नेली आणि नंबर एकेक ओळ आत सरकवून दुसऱ्या झाडांवर रंगवले, तर झाडं मोजताना संख्या बरोबर भरेल, पण जाडी भरणार नाही. प्लॉटच्या बाकी तीन बाजूंना बिननंबरी झाडांची पट्टी होतीच, नंबर सरकवायला तिचा उपयोग झाला असता. रस्त्याकडेला तोडलेल्या झाडांचे बुंधे होतेही. आणि नंबर रंगवले होते कुणी? देविदासनं. त्यात भर म्हणजे देविदासच्या घराला त्याच उन्हाळ्यात सागाची चौकट बसली होती. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मी तर तिचं कौतुकही केलं होतं.

त्याच दुपारी मॅडमनी नागपूरला फोन केला. साहेबांनी देविदासची फाईल थांबवायला आणि पोलिसांत कळवायची तयारी करायला सांगितलं.

देविदासला बोलावलं तेव्हा तो नेहमीसारखा हसतच आत आला. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"देविदास, दाराची चौकट कुठली आहे?"

त्याला वाटलं, मॅडम थट्टा करताहेत. "काहून मॅडम, तुमाले बी पाह्यजे काय?"

मग त्यानं आमचे चेहरे पाहिले.

"सासऱ्याच्या जुन्या घरची हाय," तो सावकाश म्हणाला. "मांगच्या पावसात त्याईची भिंत पडली. चौकट चांगली होती, मले देली. तुमी चला, जुन्या खिळ्याचे भोकं दाखवतो."

"भोकं नवीही पाडता येतात," मॅडम म्हणाल्या.

त्या क्षणी मला मॅडमचा मनापासून राग आला. चहावर, ढगांवर, मेलेल्या अधिकाऱ्यावर घेतलेला संशय मी इतके दिवस गंमत म्हणून पाहत आलो होतो. समोर उभा असलेला माणूस घाम पुसतो आहे आणि बाई त्याच्याकडे सुट्या सालीकडे पाहावं तसं पाहताहेत, हे मला सहन होईना. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात ती चौकट घर करून बसली होती.

"इतके वर्स तुमच्यासंगं झाडं मोजले," देविदास म्हणाला. "एक काडी तरी नेली काय म्या?"

"तेच विचारते आहे."

त्यानं कनवटीची, प्लॉटवरच्या चौकीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेला.

गोष्ट तांड्यात पोचायला वेळ लागला नाही. बोरीच्या बाजारात देविदासला लोक थांबवून विचारायला लागले, किती झाडं गेली बाप्पा, आमालेही एखादी चौकट पाह्य. त्यानं बाजारात जाणं सोडलं. नायकाच्या ओट्यावर रोज बसणारा माणूस घरातून निघेना. हे मला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं आणि मी ते मुद्दाम मॅडमच्या कानावर घातलं. थर्मासमधला चहा त्या दिवशी तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "चला. चोरी झाली असं मी म्हटलं. ते अजून तपासलेलं कुठे आहे?"

प्लॉटवर पोचल्यावर आधी रस्त्याकडेचे बुंधे पाहिले. मॅडम गुडघे टेकून एकेक बुंधा चाचपत होत्या. वरचं लाकूड काळं पडलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. एकाच्या पोटातून मुंग्यांची रांग निघाली होती. हे या वर्षीचे बुंधे नव्हते. कितीतरी आधीच्या विरळणीचे होते. ताजा बुंधा एकही नाही, उकरलेली माती कुठे नाही. चोरी झाली असेल तर झाडं हवेत उडून गेली म्हणायची.

मॅडम एका झाडाला टेकून बसल्या. मला वाटलं, आता परत जायचं. पण त्यांची नजर समोरच्या खोडावर अडकली होती. त्या उठल्या, पांढऱ्या पट्ट्यावर टेप लावली आणि म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं. मग त्यांनी टेप वीतभर वर सरकवली, जिथं रंग नव्हता. "वाचा."

वरचा घेर जास्त भरला.

झाड वर वर निमुळतं होत जातं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. त्यांनी दुसरं झाड मोजलं, तिसरं मोजलं, तेच. मग बोट पट्ट्यावरून फिरवलं. मीही फिरवलं. पायजम्याची नाडी घट्ट बांधली की कमरेवर वळ उठतो ना, तसं खोड नेमकं पट्ट्याच्या जागी आत गेलं होतं. सुटे पोपडेच नाही, खालची घट्ट सालही निघाली होती. वर छान पांढरा रंग. झाडं तीच होती, वाढलीही होती. आम्ही मोजत होतो ती जागा तेवढी तासून बारीक केलेली होती.

"गड्यांनी जरा जास्तच खरवडलं," मी म्हणालो. धीर द्यायचा म्हणून म्हणालो.

"माझ्या नखाला भिऊन खरवडलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "देविदासनं मला इथं उभं राहून विचारलं होतं. मॅडम, आता पुरे काय? मी म्हटलं, अजून."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला. मी दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं होतं, कार्यालयात जाऊन साहेबांना फोन करतील, मग सावकाश देविदासला बोलावतील. त्या सरळ तांड्याकडे चालायला लागल्या, छत्रीही जीपमध्येच राहिली.

नायकाच्या ओट्यावर माणसं बसली होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, "झाडं कुणीही नेलेली नाहीत. सगळी उभी आहेत. देविदासवर आळ मी घातला. चूक माझी होती."

देविदास समोरच्या आपल्या घराच्या दारात आला होता, त्या चौकटीतच उभा होता. मग नायक म्हणाला, "आज तुमी चूक म्हणता. उद्या पुन्हा चोर म्हणसान. तुमच्या बोलन्यावर आमी काहून जावं?"

"माझ्या बोलण्यावर जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "चला आणि सोता पाहा." आपण 'सोता' म्हणालो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

अर्धा तांडा प्लॉटवर आला. मॅडमनी टेप नायकाच्या हातात दिली. त्यानं आधी पट्ट्यावर लावली, मग वर लावली, तांड्यातल्या शाळा शिकलेल्या एका सुनेनं आकडे वाचले. दोन-चार झाडं झाल्यावर नायकानं टेप गुंडाळून परत दिली. मॅडमनी तिथूनच साहेबांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला आणि चूक आपली असल्याचं लेखी देते म्हणाल्या. पलीकडून साहेब म्हणाले, "मॅडम, हे तोंडी मिटवू. कशाला उगाच तुमच्या नावावर?"

"आळ माझ्या नावानं घातला होता," मॅडम म्हणाल्या. "तोही माझ्याच नावानं निघेल."

देविदासची फाईल पुन्हा सुरू झाली आणि पुढे तो कायम झाला. मॅडमवर ठपका आला. तो त्यांनी तक्रार न करता घेतला. प्लॉटमधल्या सगळ्या झाडांवर वीतभर वर नवे पट्टे मारले गेले, खरवडण्याच्या ऐवजी नुसत्या चिंधीनं पुसून. बाजारातली बोलणी विरली. देविदास पुन्हा ओट्यावर बसायला लागला. मॅडम समोर आल्या की "नमस्कार जी" म्हणायचा, सांगितलेलं काम चोख करायचा. थट्टा मात्र त्यानं परत कधी केली नाही. मॅडम अधूनमधून स्वतःच काहीतरी गमतीचं बोलून पाहायच्या. त्यांना ते जमत नसे आणि ऐकताना मला फार वाईट वाटायचं.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षीची मोजणी ही मी त्यांना पाहिलेली शेवटची वेळ. नंतर त्या भावाच्या कुटुंबाबरोबर पुण्याकडे गेल्या. हिवाळ्यातली सकाळ होती, सागाची पानं गळून प्लॉट उघडा पडलेला. मॅडमचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. पहिल्या झाडाशी त्या थांबल्या, देविदासपुढे टेप धरली आणि म्हणाल्या, "तुम्ही मोजा. आकडा सांगा, मी लिहिते. मी बघायला येत नाही."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. या बाईनं आयुष्यात कुणाला असं काही दिलं असेल असं मला वाटत नाही.

देविदासनं टेप घेतली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो उभा होता, नव्या खाकी शर्टात.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "तुमीच मोजा."

"देविदास, मी सांगते आहे ना. तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे."

"भरवसा तं तवाबी होता जी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "म्या आकडा सांगन, अन् पुढच्या टायमाले झाड बारीक निघालं, तं मंग? तुमी तं नसान. मले कोन इचारन?"

मॅडमनी पुढे केलेली टेप मागे घेतली. मग वाकल्या, एक हात खोडाला टेकून त्यांनी टेप झाडाभोवती फिरवली. पाठीमागून धरायला मी गेलो. त्यांनी आकडा वाचला. देविदास पुढे झाला, मान वाकवून त्यानं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाला, "बरोबर. लिवा."

सगळा प्लॉट त्यांनी असाच मोजला. दर झाडाशी मॅडम वाकत होत्या, वाचत होत्या, आणि देविदासकडे पाहून थांबत होत्या. तो पाहायचा, होकार द्यायचा, पुढच्या झाडाकडे निघायचा. त्याचे हात शेवटपर्यंत पाठीमागेच होते.